गुणी पोर

वरच्या शेतवाल्याने भर वाऱ्यात फवारणी केली आणि तुतीचा निम्मा पाला हातचा गेला.

मास्तरणीला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बांधावरून खाली उतरतानाच तिच्या नाकाला काहीतरी टोचलं. मग ती सरीसरीने फिरली. एक पान तोडायचं, चुरगळायचं, हुंगायचं, टाकून द्यायचं. चार सऱ्या ओलांडून पुन्हा तेच. बाविसाव्या सरीपर्यंत औषधाचा वास होता, पुढे नव्हता. पण ती नुसत्या नाकावर विसंबली नाही. दर सातव्या सरीतलं एक पान आणून तिने वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवलं आणि प्रत्येकावर पाच-पाच अळ्या सोडल्या. दुपारपर्यंत पहिल्या तीन ताटल्यांतल्या अळ्या मान वाकडी करून हिरवं ओकत होत्या. पुढच्या तिन्हींतल्या निवांत खात होत्या. नाक बरोबर होतं. बेचाळीसपैकी बावीस सऱ्या गेल्या.

तिने शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तरी आसपासच्या चार गावांत तिला मास्तरीणच म्हणत, कारण रेशमाच्या अळ्यांचं काही अडलं की लोक तिच्याकडे यायचे. अळी हातात न घेता, नुसती बघून ती सांगायची: ही भुकेली आहे, हिला ओला पाला बाधलाय, ही उद्या कात टाकायला बसेल. अळीच्या पोटातलं हिला दिसतं, असं लोक म्हणत. ती नाही म्हणत नसे.

आणि अळ्या नेमक्या आदल्याच दिवशी चौथी कात टाकून उठल्या होत्या. इथून पुढचे सात दिवस म्हणजे खाणंच खाणं. अळी जन्मभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं या सात दिवसांत खाते, मग खाणं सोडून कोष विणायला लागते. या दिवसांत एक वेळ उपाशी राहिली तर कोष पातळ पडतो. दोन वेळा राहिली तर कोष कुणी हातात धरत नाही.

ती जाब विचारायला वरच्या शेतवाल्याकडे गेली. तो दारात बसून नखं काढत होता. त्याने सरकून जागा दिली, पाणी मागवलं आणि सांगितलं की वारं काही त्याने सोडलेलं नव्हतं. पिकावर कीड होती, औषध मारणं भाग होतं. तुझे किडे जगावेत म्हणून मी माझे किडे पोसत बसू का, असं तो हसत हसत म्हणाला. शेजारी बसलेली दोघंही हसली. मास्तरीण पाण्याला हात न लावता परत आली.

घरात माणसं तीनच: ती, मुलगा आणि सून. चौथी नऊ दिवसांची पोर. मास्तरणीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. सुनेची आई सून लहान असतानाच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. पोर दवाखान्यात जन्मली आणि तिसऱ्या दिवशी घरी आली. राहायला एक खोली, मागे स्वयंपाकाची पडवी, आणि खोलीला लागूनच अळ्यांची शेड. मधल्या दाराशी चुन्याची पाटी. तिच्यात पाय टेकवल्याशिवाय आणि जंतुनाशकाच्या पाण्यात हात बुडवल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा मास्तरणीचा दंडक.

मुलाने फोन करून करून पाला शोधला. दीड तासाच्या वाटेवर एका ओळखीच्याकडे तो शिल्लक होता. टेम्पोने दिवसातून दोन खेपा कराव्या लागणार होत्या, म्हणजे मुलगा दिवसभर रस्त्यावर. शेडमध्ये चार मजल्यांचे आठ रॅक. फांद्या पसरायच्या, खाल्लेले देठ उचलायचे, खालची घाण झाडायची, आणि ते संपेपर्यंत पुढच्या पाल्याची वेळ व्हायची. एकट्या बाईचं ते काम नव्हे. मास्तरणीने सुनेला ये म्हटलं नाही. जेवताना एवढंच म्हणाली की आपण दोन हातांनी किती रॅक उरकणार कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे सून केस वर बांधून चुन्याच्या पाटीत उभी होती.

तिचे टाके अजून ओले होते. ती वाकताना आधी एक हात रॅकवर टेकवायची, मग ओठ मिटून गुडघे वाकवायची. घोट्यांवर सूज होती. मास्तरणीला हे सगळं दिसत होतं. तिने सुनेला वरचे मजले दिले आणि खालचे स्वतः घेतले. ही तिच्या परीने मायाच होती.

पहिल्याच दुपारी खोडा आला. सून फांदी उचलून वरच्या मजल्यावर ठेवत होती आणि तिच्या पोलक्यावर दोन ओले गोल हळूहळू मोठे होत होते. एक थेंब रॅकच्या कडेवर पडला. मास्तरणीने तो आधी फडक्याने पुसला, मग जंतुनाशकाने पुसला. रॅकचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा होता तो मुंग्यांसाठी. गोड वास लागला की मुंग्या छतावरूनही वाट काढतात, आणि एकदा चढल्या की अळ्यांना जागच्या जागी कुरतडतात. मागे एकदा कुणाच्या तरी शेडमध्ये सांडलेल्या चहाने अर्धा रॅक गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता.

तिने जुन्या चादरीची हातभर रुंद पट्टी फाडली. सुनेला हात वर करायला लावून छातीभोवती तीन वेढे दिले आणि पाठीवर गाठ मारली.

"श्वास घेता येतोय ना?"

"येतोय."

"मग झालं. सात दिवसांचा तर प्रश्न आहे."

तेव्हापासून पोरीच्या पिण्याच्या वेळा अळ्यांच्या वेळांना जोडल्या गेल्या. सकाळचा पाला पडला की एकदा, दुपारचा पडला की एकदा, संध्याकाळी एकदा, आणि निजताना एकदा. प्रत्येक वेळी सुनेने बाहेर यायचं, पट्टी सोडायची, अंग पुसायचं, पाजायचं, पुन्हा पट्टी बांधून हात धुऊन आत. पट्टी सोडली की छाती दगडासारखी झालेली असायची. पोरीला ती तोंडात नीट धरता यायची नाही. धरली तरी चार-पाच वेळा ओढून ती डोळे मिटायची. सून तिचा गाल चोळायची, कानाच्या पाळीला हात लावायची. मास्तरीण दारातून म्हणायची की झोपली ना, मग राहू दे. झोपलेल्याला उठवू नये.

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिचं सगळं ज्ञान या एका गोष्टीवर उभं होतं. अळी खाते, पोट भरलं की कात टाकायला मान वर करून निश्चल होते, आणि त्या वेळी तिला कुणी हलवलं किंवा तिच्यावर पाला टाकला तर ती बिघडते. किती शिकाऊ लोकांच्या बॅच तिने याच चुकीपायी बुडताना पाहिल्या होत्या. बसू द्या, असं ती त्यांना सांगायची. झोपेत वाढतात त्या.

आणि पोर झोपायची. पहिले दोन दिवस तिने थोडी रडारड केली, मग सोडून दिली. झोळीत टाकली की दुपार होईपर्यंत आवाज नाही. पलीकडच्या घरातली बाई कुंपणापलीकडून म्हणाली की माझ्या नातवाने आमच्या डोळ्याला डोळा लागू दिलेला नाही, तुमची मात्र बिनआवाजाची मिळाली. कुठल्या दुकानातून आणली? मास्तरीण हसली. गुणी आहे पोर, म्हणाली. तिलाही कळतं घरात काम आहे ते.

पोर अकरा दिवसांची असताना उपकेंद्रातली नर्सबाई स्कूटरवरून आली. बाळंतिणीला आणि बाळाला घरी येऊन बघणं हे तिचं कामच होतं. पिशवीत वजनाचा काटा होता. मास्तरणीने तिला फाटकातच थांबवलं. शेवटच्या आठवड्यात बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, हा नियम तिने स्वतःच्या सख्ख्या भावालाही लावला होता. नर्सबाई दहा घरं फिरून आली होती, तिच्या अंगाला औषधांचा वास होता, केसांना तेलाचा. मास्तरणीने नम्रपणेच सांगितलं की पाच दिवसांनी या.

नर्सबाईने विचारलं, पोर पिते ना? मास्तरीण म्हणाली की पिते आणि झोपते. लंगोट किती ओले होतात? मास्तरीण म्हणाली, होतात की. नर्सबाईने तिच्याकडे जरा वेळ बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं. वहीत काहीतरी लिहून ती निघून गेली. सून खिडकीत उभी होती. तिने स्कूटर वळणाआड जाईपर्यंत पाहिलं आणि परत आत येऊन चुन्याच्या पाटीत पाय ठेवला.

चौथ्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. सुनेने ती सासूला दाखवली. मास्तरणीने हात लावून पाहिलं आणि समाधानाने म्हणाली की बसलं एकदाचं दूध अंगाला, आता गळायचं नाही. सून पट्टी हातात धरून उभीच राहिली. मग म्हणाली की लंगोटावर विटेच्या रंगाचा डाग आहे. मास्तरणीने तो उजेडात नेऊन बघितला. उष्णता आहे, म्हणाली. तू पाणी जास्त पी.

त्या दिवशी अळ्यांच्या खाण्याचा आवाज शेडबाहेर ऐकू यायला लागला. हजारो तोंडं एकाच वेळी पान कातरतात तेव्हा होतो तसा, सगळीकडून येणारा बारीक करकर आवाज. पाला पडला की तासाभरात नुसते देठ उरत. मुलगा दुसऱ्या खेपेहून आला की स्टिअरिंगवर डोकं टेकवून झोपायचा आणि त्याला हलवून उठवावं लागायचं. मास्तरणीच्या बोटांच्या पेरांना चुन्याने चिरा पडल्या होत्या. सुनेशी तिचं बोलणं म्हणजे वरचा उरकला का, देठ टाक, पाणी बदल, एवढंच. दोघी एकाच वासाने भरून गेल्या होत्या, कापलेल्या हिरव्या पाल्याच्या. त्यात पोरीचा वास कुठे होता ते कुणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं.

पोर चौदा दिवसांची झाली त्या दुपारी सून तिला पाजून परत आली नाही. मास्तरीण दोन रॅक एकटीने उरकून बाहेर आली. सून जमिनीवर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पट्टी सोडलेली, पदर सोडलेला.

"आई, ही मला हलकी लागते."

"दिवसभर फांद्या उचलतेस. मग पोर हलकी लागणारच."

"तसं नाही. ही ओढते, पण गिळत नाही. आवाजच येत नाही गिळल्याचा."

मास्तरणीला राग आला. तिच्या घरात, तिच्यासमोर, कुणाचं पोट भरलंय आणि कुणाचं नाही हे काल घरात आलेल्या सुनेने सांगावं. कोष तोलायचा हुकाचा काटा खुंटीला होता तो तिने काढला आणि दाराच्या कडीत अडकवला. स्वच्छ फडक्याची झोळी केली. आधी रिकामी झोळी लटकवून काटा शून्यावर आणला. मग पोरीला त्यात घातलं.

काट्यावर आकडे हलले आणि थांबले. दोन किलो दोनशे साठ.

सुनेने दवाखान्याचं कार्ड काढलं. त्यावर जन्माच्या दिवशीचं वजन होतं, दोन किलो नऊशे.

काटा बिघडलाय, मास्तरीण म्हणाली. पोरीला काढून तिने सुनेकडे दिलं, कोपऱ्यातून जंतुनाशकाची न फोडलेली दोन किलोची पिशवी आणली आणि हुकाला लावली. काट्याने दोन किलो दाखवलं. पाच ग्रॅम वर, ते प्लास्टिकचे. तिने पिशवी काढली, पुन्हा लावली. पुन्हा दोन किलो पाच. तिने पोरीला पुन्हा झोळीत घालायला सांगितलं. दोन दोनशे साठ.

मग तिने पहिल्यांदा पोरीकडे जवळून पाहिलं. टाळूला खळगा पडला होता. ओठ पापुद्र्यासारखे. तिने मांडीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडीची घडी तशीच राहिली, हळूहळू बसली. पोरीने डोळे उघडले नाहीत. अशी अळी तिने रॅकवर पाहिली असती तर लांबूनच ओळखली असती.

तेवढ्यात मुलगा पाला घेऊन आला. मास्तरणीने फाटकात जाऊन त्याला सांगितलं की पोरीला दवाखान्यात न्यायचंय, आत्ता. मुलगा टेम्पोतून खाली उतरलाही नाही. त्याने गाडी वळवायला घेतली. सून पोरीला कपड्यात गुंडाळून धावत आली. आणि मास्तरणीच्या तोंडून निघून गेलं:

"पाला उतरवून घे आधी. करपेल तो."

मुलाने आईकडे बघितलं. मग खाली उतरून फळका सोडला. बावीस भारे होते. दोघं मायलेक ते उतरवत राहिले, एक तो, एक ती. सून पोरीला छातीशी धरून उन्हात टेम्पोच्या दाराशी उभी होती. सोळावा भारा खाली टाकताना मास्तरणीला तिचा आवाज ऐकू आला, फार मोठा नाही.

"अहो."

पोरीचा डावा हात झटके देत होता. एका लयीत, थांबत नव्हता. डोळे उघडे होते पण कुठे बघत नव्हते.

उरलेल्या सहा भाऱ्यांसकट टेम्पो निघाला. मास्तरीण त्या भाऱ्यांवर बसली होती. उतरवलेला पाला फाटकात ढिगाने पडून राहिला आणि शेडचं दार सताड उघडं राहिलं.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे मुलीसारखी दिसणारी एक बाई होती. तिने पोरीच्या हाताला, पायाला, शेवटी डोक्याला सुई लावून पाहिली. शीर सापडत नव्हती. सापडली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. वॉर्डातली सिस्टर सुनेला प्रश्न विचारत होती. दिवसातून किती वेळा पाजता? चार. किती वेळ? पाच मिनिटं, दहा मिनिटं. काल लंगोट किती ओले झाले? बहुतेक एक. आज सकाळपासून? एकही नाही. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका बघत होत्या.

"झोपलेलीच असते ती," मास्तरीण मधे म्हणाली. "गुणी आहे. त्रास नाही देत."

सिस्टर वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"उपाशी बाळ आधी रडतं, आजी. रडून दमतं. मग ताकद वाचवायला झोपतं. ती झोप पोट भरल्याची नसते. अशा बाळाला उठवून पाजायचं असतं, दोन-दोन तासांनी. आठ-दहा वेळा, बारा वेळासुद्धा."

मग तिला सुनेच्या खांद्यावरून लोंबणारी पट्टी दिसली. हे काय, तिने विचारलं. सून म्हणाली, छातीला बांधायची पट्टी. बांधून ठेवलं की अंगाला वाटतं दूध नकोय, मग ते बनायचंच थांबतं, सिस्टर म्हणाली. कुणी बांधली?

मास्तरीण जमिनीकडे बघत होती.

"मीच," सून म्हणाली.

मास्तरणीने ते ऐकलं.

संध्याकाळी सिस्टरने सांगितलं की आत एकच माणूस थांबेल. मुलगा शेडकडे परत निघाला होता. सून सासूकडे न बघता म्हणाली:

"तुम्हीही जा. पाला पडलाय तिकडे."

मास्तरीण गेली नाही. ती वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसली. मुलाने दोनदा चल म्हटलं, मग एकटा गेला. पायरी दुपारच्या उन्हाने अजून गरम होती. समोर दवाखान्याचे कपडे वाळत होते. ती हिशेब लावत होती, पण अळ्यांचा नव्हे.

तिचं पहिलं मूल अकराव्या दिवशी गेलं होतं. मुलगा होता. ही गोष्ट तिच्या मुलालाही नीट ठाऊक नव्हती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. सकाळी झोळीत हात घातला तेव्हा ते गार होतं. झोपेत गेलं, काही त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले होते, आणि तिनेही ते धरून ठेवलं होतं इतकी वर्षं. किती गुणी होतं. रडायचंही नाही. पायरीवर बसून तिने ते अकरा दिवस एकेक करून आठवायचा प्रयत्न केला. लंगोट आठवेनात. गिळल्याचा आवाज आठवेना. शेवटच्या तीन-चार दिवसांतली शांतता तेवढी आठवली.

दुसऱ्या दिवशी पोरीचे झटके थांबले. डॉक्टरीण म्हणाली की अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं मीठ वाढलं होतं, मेंदूला त्याचा मार बसलाय. जगेल. बाकी किती, काय, ते आज सांगता येणार नाही. सून दर दोन तासांनी हाताने दूध काढत होती. आधी वाटीच्या तळाला जेमतेम थेंब. मग बोटभर. पोरीला ते नळीने, मग चमच्याने देत होते. मास्तरीण वाट्या धुवायची, उकळलेलं पाणी आणायची, सुनेचं जेवण आत पोचवायची. सून ताट घ्यायची आणि रिकामं परत करायची. त्यात बोलण्यासारखं काही नसायचं.

चौथ्या दिवशी मुलगा आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. आईशेजारी पायरीवर बसून त्याने सांगितलं की अळ्या एकदम पिकल्या, कोष विणायच्या जाळ्यांवर चढवायला हात पुरले नाहीत. अर्ध्यांनी देठांतच कोष केले. फाटकातला पाला कुजला होता, तरी शेवटी त्यातलाच वरवरचा घातला, त्यावर बऱ्याच मेल्या. वरचा शेतवाला मदतीला आला होता, दिवसभर थांबला. एवढं सांगून तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मास्तरणीने मान हलवली. किती राहिल्या, कोष कसे आहेत, काहीच विचारलं नाही. तू जेवलास का, एवढंच विचारलं.

मग ती उठून सिस्टरच्या टेबलापाशी गेली. सिस्टर गोळ्या वाटून ठेवत होती.

"पट्टी मी बांधली होती," मास्तरीण म्हणाली. "सून नव्हे. मी."

सिस्टरला आठवायला क्षणभर लागला. मग तिने गोळ्यांची वाटी खाली ठेवली.

"बरं. आता ते राहू द्या. उद्या-परवा घरी सोडतील. पोट भरलं कसं ओळखायचं ते घरातल्या सगळ्यांना यायला हवं. सुनेला मी दाखवलंय. तिला विचारा."

चार गावं जिला विचारायला यायची ती बाई वॉर्डाच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. मग चपला काढून आत गेली. सून खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पोर आज पहिल्यांदा थेट अंगावर पीत होती. डोक्याची एक बाजू भादरलेली, तिथे चिकटपट्टीचा चौकोन.

"मला दाखव," मास्तरीण म्हणाली. "कसं कळतं ते."

शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. मग सून पाय आखडून थोडी सरकली.

"बसा. कान जवळ आणा."

मास्तरीण बसली आणि वाकली. सुनेच्या अंगाला दुधाचा आणि घामाचा वास होता. पोर ओढत होती. ओढ, ओढ, आणि मग घशात एक बारीक आवाज, कुणी दाराची कडी अलगद काढावी तसा. ओढ, ओढ, आणि आवाज. हळूहळू मधलं अंतर वाढत गेलं. पोरीचे डोळे मिटले.

"झोपली," मास्तरीण हळूच म्हणाली.

"नाही. अजून नाही."

सुनेने हाताने छाती दाबली. पोर पुन्हा ओढायला लागली, डोळे मिटलेलेच. आवाज पुन्हा आला, सहा वेळा, सात वेळा. मास्तरीण मोजत होती. तो थांबल्यावर सुनेने पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. आवाज पुन्हा सुरू झाला.

"आता हाताकडे बघा," सून म्हणाली. "भूक असते तोवर मूठ घट्ट असते, तोंडाशी असते. पोट भरत आलं की ती आपोआप सुटते."

मास्तरीण हाताकडे बघत राहिली. तिच्या बाजूला असलेली ती मूठ सुपारीएवढी होती, अंगठा आत दाबलेला. गिळण्याचा आवाज विरळ झाला, मग थांबला. पोरीने स्वतःहून तोंड सोडलं. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा एक थेंब गालावर आला. मूठ तशीच. मास्तरणीने वाट पाहिली. आता तिला घाई करायची नव्हती, आणि चूक तर मुळीच करायची नव्हती. ती वाकून बघत राहिली, अगदी डोळ्याची पापणी न हलवता.

"अजून नाही," ती म्हणाली. "भूक आहे अजून. मूठ बघ."

सुनेने पोरीला थोडं वळवलं. तिच्या अंगाखाली दबलेला दुसरा हात वर आला. त्याची पाचही बोटं सैल होऊन सुनेच्या उघड्या कातडीवर पसरलेली होती.

"पोट भरलं तिचं," सून म्हणाली. "उजवा हात बघायचा, आई. डावा आता तसाच असतो."